पडद्यावर चादर टाका आणि ऐका

मिरजेत सतारमेकर गल्लीत माझं बसायचं ठिकाण आहे. तंबोऱ्याची आणि सतारीची जवारी काढणं, म्हणजे घोडी घासून तारेला गुंजन आणणं, हे माझं काम. घोडीवर, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीवर, कानस फिरवायची, तार परत जागेवर घ्यायची, छेडायची, ऐकायचं, पुन्हा कानस. तंबोऱ्याच्या एका तारेची जवारी बघताना बाकीच्या तीन तारा बोटांनी दाबून धराव्या लागतात, नाहीतर चांगल्या तारेच्या गुंजनात कच्ची तार लपून जाते. सिनेमाचं संगीत सिनेमा बाजूला ठेवून कसं ऐकायचं, हे मी या कामातूनच शिकलो. चित्र ही सगळ्यात जोरात बोलणारी तार असते. ती दाबून धरल्याशिवाय मागचं संगीत पक्कं आहे की कच्चं, ते कळत नाही.

गाण्यांचा विषय इथं नाही. आपल्याकडे गाणं आधी रेकॉर्ड होतं आणि चित्रीकरण मागाहून. शिवाय निम्मी गाणी आपण सिनेमा न बघता रेडिओवरच पाठ केलेली असतात. ती एकटी उभी राहतात हे सिद्ध झालेलं आहे. खरी परीक्षा पार्श्वसंगीताची. तिथं बहुतेक वेळा सीन आधी कापून तयार असतो आणि संगीतकाराला तेवढ्याच मिनिटांत, तेवढ्याच सेकंदांत सूर बसवायचे असतात.

पहिली गोष्ट, सिनेमा निवडताना शक्यतो न बघितलेला निवडा आणि त्याचं संगीत आधी ऐका. बघितलेलाच घ्यायचा असेल तर मध्ये निदान महिनाभर जाऊ द्या. मी बरीच वर्षं एक बासरीची धून फार मोठी म्हणून लोकांना ऐकवत होतो. एक दिवस ती आमच्या दुकानातल्या पोराला ऐकवली. वय एकोणीस, कुपवाडहून सायकलनं येतो, हात चांगला आहे. त्यानं तो सिनेमा बघितलेला नव्हता. शांतपणे ऐकून म्हणाला, "दादा, हे सुरू कधी होणार?" तेव्हा लक्षात आलं की मला ऐकू येत होती ती बासरी नव्हतीच. मला दिसत होता तो घाट आणि ती बस. धून अशी चार सुरांचीच होती.

म्हणून सिनेमा न बघितलेला एक माणूस सोबत घ्या. तो काय म्हणतो याकडे थोडं लक्ष द्या, आणि कुठं हलतो, कुठं मोबाइल काढतो याकडे जास्त.

आता घरातली मांडणी. आपल्याकडे अल्बममध्ये गाणीच असतात, पार्श्वसंगीत वेगळं क्वचितच मिळतं. त्यामुळं सिनेमाच लावायचा आणि टीव्हीवर जाड चादर टाकायची. डोळे मिटून भागत नाही, आवाज चढला की ते आपोआप उघडतात. घरी पाच-सहा स्पीकरचं होम थिएटर असेल तर आणखी एक करा, मधल्या स्पीकरची वायर काढा. नव्या सिनेमांत संवाद मुख्यतः त्या मधल्या स्पीकरवर असतात आणि संगीत जास्त करून डाव्या-उजव्यावर. वायर काढली की माणसं लांब गेल्यासारखी होतात आणि मागचा वाद्यमेळ पुढं येतो. जुन्या, एकाच ट्रॅकच्या सिनेमांना हा उपाय चालत नाही, तिथं संवादासकटच ऐकावं लागतं. आवाज एकदा लावला की परत हात लावू नका. संवाद आले की मिक्सिंग करणारा संगीत खाली घेतो आणि आपण रिमोट उचलून ते वर आणतो. तसं केलं तर संगीतकारानं काय केलं आणि आपण काय केलं, याची सरमिसळ होते.

ऐकायचं काय? मिरजेच्या दर्ग्यात उरुसाला किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मृतीत संगीत सभा होते. तिथं रात्रभर बसलेल्या श्रोत्यांचे हात बघा. समेवर, म्हणजे ताल फिरून पहिल्या मात्रेवर येतो तिथं, ते आपोआप उठतात. मी तेच बघतो. पडद्यावर काही नसताना संगीत कुठंतरी जाऊन पोचतंय का, आणि ते पोचल्यावर माझा हात उचलतोय का? ज्याला स्वतःची सम आहे ते उभं राहतं. जे नुसतं कशाची तरी वाट बघत थांबलेलं असतं, दार उघडेल, गाडी येईल, कोणी मागं वळून बघेल म्हणून, ते चादरीखाली अर्धवट लागतं.

'शोले' (१९७५) मध्ये बसंतीच्या टांग्यामागं डाकू लागतात, तो तुकडा याच पद्धतीनं ऐका. तबला बनारसच्या पंडित सामताप्रसादांचा आहे. घोड्यांच्या टापा आणि चाकांचा आवाज त्यात मिसळलेला आहे, तरी चादर टाकल्यावर तबला एक कणही कमी होत नाही. बोल स्वतःच्या हिशेबानं वाढतात. आमचा पोरगा मांडीवर हात मारायला लागला. मला दुसरा पुरावा लागत नाही.

'पथेर पांचाली' (१९५५) मात्र मला अजून सुटलेलं नाही. संगीत पंडित रविशंकरांचं, बरंचसं एका रात्रीत रेकॉर्ड केलेलं. मुलगी वारल्यानंतर बाप घरी परततो, आईला रडू फुटतं. तिचा आवाज सत्यजित राय यांनी काढून टाकला आणि त्या जागी तारशहनाईवर पटदीप रागाचे तार सप्तकातले सूर ठेवले. वाजवणारे दक्षिणामोहन ठाकूर. आमच्याकडे एकदा अशी तारशहनाई दुरुस्तीला आली होती. अंग इसराजासारखं, सारंगीसारखं गजानं वाजणारं, आणि त्याला ग्रामोफोनचा साउंडबॉक्स आणि छोटा कर्णा लावलेला. तारेची थरथर त्या पत्र्यातून जाते, म्हणून आवाज सनईसारखा फुटून येतो. साउंडबॉक्सचं रबर वाळून कडक झालं होतं. ते बदलून पहिल्यांदा गज ओढला तेव्हा समोरच्या दुकानातला माणूस उठून बघायला आला.

तो तुकडा मी पोराला चादर टाकून ऐकवला. त्यानं विचारलं, "सनई आहे का? पण श्वास कुठंच घेत नाही." पुन्हा लावायला लावलं, पुन्हा ऐकलं आणि म्हणाला, "गज आहे." दुःख आहे असं तो एकदाही म्हणाला नाही. मग चादर काढून पुन्हा लावलं. बाईचं तोंड उघडतं आणि त्यातून ते वाद्य येतं. पोरगा बराच वेळ बोलला नाही. आता हे संगीत एकटं उभं राहिलं म्हणायचं की नाही? माझ्या मते सूर उभे राहतात, पण ते रडणं उभं राहत नाही. ते करायला त्या बाईचा चेहराच लागतो. यात संगीताचा काही कमीपणा नाही. चादरीखाली पडलेल्या प्रत्येक तुकड्याला वाईट ठरवू नका, चादर काढून एकदा पुन्हा ऐका आणि मग लिहा.

हो, लिहा. मी दोनशे पानी वही ठेवली आहे. तारीख, सिनेमा, चादरीसह काय वाटलं, चादरीशिवाय काय वाटलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कानस चालवताना त्यातलं काय गुणगुणलं गेलं. हा शेवटचा रकाना सगळ्यात खरा असतो.

अल्बम ऐकत असाल तर एक सावधगिरी. अल्बमवर असतं तेच आणि तेवढंच सिनेमात असतं असं समजू नका. रशियन संगीतकार सर्गेई प्रोकोफिएव यांनी १९३८ च्या 'अलेक्झांडर नेव्हस्की' सिनेमासाठी संगीत केलं आणि पुढच्याच वर्षी त्यातून सात भागांचा कँटाटा, म्हणजे गायक आणि वाद्यवृंदासाठीची रचना, वेगळा बांधला. म्हणजे मैफलीत ऐकवण्यासाठी त्यांना स्वतःलाच ते नव्यानं मांडावं लागलं. वहीत कुठलं ऐकलं ते लिहून ठेवा.

आणि शांततेसाठी एक जागा सोडा. 'सैराट' (२०१६) साठी अजय-अतुल यांनी हॉलिवूडच्या स्टुडिओत सिंफनी ऑर्केस्ट्रा रेकॉर्ड केला. ती व्हायोलिनं चादरीखालीही भरून येतात. पण त्याच सिनेमाच्या शेवटी, मूल घराबाहेर पडतं तेव्हा आवाजच काढून घेतलेला आहे. पोराला वाटलं वायर निसटली. तो उठून स्पीकरमागं हात घालायला लागला, तेव्हा मी त्याला थांबवलं आणि चादर ओढून काढली.