तानसेन समारोह: रेल्वेने जाऊन गाणं टिपायचं असेल तर

ग्वाल्हेरचा तानसेन समारोह डिसेंबरात भरतो, ऐकायला पैसे लागत नाहीत. गवई बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी महाराष्ट्रात रुजवलेल्या ग्वाल्हेर गायकीचं हे माहेर. पहिल्या दिवशी सकाळी हजिरा भागातल्या तानसेनांच्या समाधीपाशी हरिकथा आणि मिलाद (मुस्लिम भक्तिपठण) होतो. तो चुकवू नका. बहुतेक जण थेट संध्याकाळीच येतात.

मुंबईहून पंजाब मेल, पुण्याहून झेलम. दोन्ही संध्याकाळी सुटतात, दुसऱ्या दिवशी दुपारनंतर पोचतात. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. जाताना गाडी फारशी रखडत नाही. परतीची मात्र उत्तरेकडच्या धुक्यातून आलेली असते, कित्येक तास उशीर होऊ शकतो. म्हणून घरी पोचल्याच्या दिवशी पुढचं कुठलंही काम ठरवू नका. डब्यातले चार्जिंगचे सॉकेट रात्री ११ ते पहाटे ५ बंद असतात. बॅटऱ्या त्याआधीच भरून घ्या.

चित्रीकरणाला आयोजकांची आणि कलाकाराची, दोघांचीही परवानगी लागते. प्रयोगावर कलाकाराचा कायद्याने हक्क आहे. कलाकाराला गाण्याच्या आधी विचारा, ऐन रंगमंचावर चढताना नव्हे.

आता आवाज. चित्र जरा हललं तरी चालतं, पण फाटलेला आवाज परत जोडता येत नाही. वेगळा रेकॉर्डर ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटवर ठेवा. रेकॉर्डिंगची पातळी तानपुऱ्यावरून ठरवली तर द्रुतात (जलद लयीत) तबला चढला की आवाज फाटतो. शिखर उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील एवढं अंतर आधीच सोडा. बैठकीत टाळी वाजवून आवाज-चित्र जुळवणं बरं दिसत नाही, गरजही नाही. सुरुवातीला तबलजी हातोडीने तबला सुरात लावतो. हातोडी गजऱ्यावर (तबल्याच्या कडेच्या चामडी वेणीवर) पडते तो क्षण चित्रात स्पष्ट दिसतो, रेकॉर्डरवर टोकदार उमटतो, तोच धरा. कॅमेऱ्यातल्या आवाजाशी जुळवलंत आणि कॅमेरा २० मीटर मागे असला तर तो आवाज सुमारे ६० मिलिसेकंद उशिरा आलेला असतो, म्हणजे दीड फ्रेम. द्रुत तानेत ओठ आणि सूर फारकत घेतलेले लगेच जाणवतात.

कॅमेरा २५ फ्रेम, शटर १/५० ठेवा. आपली वीज ५० हर्ट्झची असल्याने या शटरला चित्रात दिवे लुकलुकत नाहीत. १०० मेगाबिटच्या फोरकेला तासाला ४५ जीबी लागतात, म्हणजे १२८ जीबीच्या कार्डावर जेमतेम पावणेतीन तास. काही जुने कॅमेरे ३० मिनिटांनी आपोआप थांबतात, विलंबित (संथ लयीतला) ख्याल तर त्याहून लांबू शकतो. घड्याळ लावून, सम (तालाची पहिली मात्रा) येऊन गेल्यावर स्वतःच थांबवून पुन्हा सुरू करा.

रात्री थंडी कडाक्याची असते. बॅटरी लवकर उतरते, जादाच्या बॅटऱ्या आतल्या खिशात ठेवा. बाहेरून उबदार खोलीत आल्यावर कॅमेऱ्याची पिशवी अर्धा तास उघडू नका, भिंगावर दव धरतं.

परतीच्या गाडीत बसण्याआधी दोन प्रती काढा. त्या वेगवेगळ्या पिशव्यांत ठेवा, आणि घरी पोचेपर्यंत एकही कार्ड पुसू नका.