सी.ए. कोठीची युक्ती घरच्या फ्रिजमध्ये

एप्रिल-मेमध्ये इंदूरच्या चोइथराम मंडीत काश्मीर-हिमाचलचं करकरीत सफरचंद मिळालं, तर ते आदल्या हंगामातलं असतं. सी.ए. (कंट्रोल्ड अ‍ॅटमॉस्फिअर) कोठीत, म्हणजे आतली हवा नियंत्रित ठेवणाऱ्या शीतकोठीत, तापमान 0 ते 1 अंश ठेवतात, ऑक्सिजन 21 टक्क्यांवरून 2-3 वर आणतात, कार्बन डायऑक्साइड थोडा वाढवतात. फळाचा श्वास मंदावतो, पिकणं लांबतं. घरी वायू मोजता येत नाही, पण मेथी, मटार, कोथिंबीर पन्नीत (प्लास्टिकच्या पिशवीत) ठेवली की तीच आपल्या श्वासाने आतला ऑक्सिजन कमी करते. इंदूरच्या हिवाळ्यात मटार-मेथीचे ढीग घरी येतात, तेव्हा एवढंही पुष्कळ.

भाजी निवडा, धुऊ नका.

उघडीच फ्रिजमध्ये तास-दोन तास गार होऊ द्या, मगच पन्नीत भरा. कोमट भाजी भरली की आत पाणी सुटतं.

आता भोकं. सगळं इथेच बिघडतं, आणि सल्लेही इथेच सर्वांत वाईट मिळतात. ‘हवा काढून घट्ट बंद करा’ असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. ऑक्सिजन फारच कमी झाला की भाजी आंबते. पिशवी उघडताच दारूसारखा वास येतो आणि ती चव शिजवूनही जात नाही. मध्यम पिशवीला पेन्सिलच्या टोकाने सगळीकडून विसेक भोकं पाडा. हा आकडा म्हणजे फक्त सुरुवात. मेथी आणि मटार जोरात श्वास घेतात, त्यांना जास्त लागतात. सफरचंद सावकाश घेतं, त्याला कमी चालतात. दुसऱ्या दिवशी पिशवी बघाच. आत थेंब लोंबत असतील तर भोकं वाढवा आणि एक कोरडा सुती फडका घाला. पानं मलूल दिसली तर पुढची पिशवी कमी भोकांची. वास आला तर ती भाजी टाका, वाचवत बसू नका. कोठीत हे काम यंत्रं करतात, इथे तुमचं नाक.

सफरचंद आणि कोथिंबीर एका कप्प्यात नको. सफरचंदातून इथिलीन सुटतं, कोथिंबीर पिवळी पडते.

टोमॅटो, केळी, बटाटे फ्रिजबाहेरच. थंडीत बटाट्यातल्या स्टार्चची साखर होते आणि तळताना तो काळपटतो. गराडू (माळव्यातला तळून खायचा कंद) हाही टोपलीतच ठेवा, सावलीत, पन्नीशिवाय.