सायकलच्या सीटमुळे दुखणं आणि बधिरपणा: नव्या सायकलस्वाराने काय करावं

सायकल सुरू केल्यावर पहिले काही दिवस बसायची जागा दुखते. कुणालाही विचारलं तर एकच उत्तर मिळतं, 'सवय होईल'. दुखण्याच्या बाबतीत ते खरं आहे. बधिरपणाच्या बाबतीत मात्र हा सल्ला धोक्याचा आहे. नवे सायकलस्वार या दोन त्रासांची गल्लत करतात आणि जे सहन करायचं नसतं तेच दात-ओठ खाऊन सहन करत राहतात, म्हणून सुरुवात तिथूनच करू.

आधी त्रास नेमका कोणता ते ओळखा

आपण ताठ बसतो तेव्हा शरीराचा भार ओटीपोटाच्या हाडाच्या खालच्या दोन टोकांवर येतो. खुर्चीवर बसून दोन्ही हात खाली घातले तर ही टोकं बोटांना लागतात. दुखणं या दोन ठिकाणी असेल आणि दुसऱ्या दिवशी दाबल्यावर ठणकत असेल, तर तो सवयीचा भाग आहे. छोट्या फेऱ्या ठेवल्या, अधूनमधून एक दिवस विश्रांती घेतली, तर साधारण दोन-तीन आठवड्यांत तो ओसरतो.

मांडीच्या आतल्या बाजूला किंवा जांघेत आग होत असेल, साल निघत असेल, तर ते काचणं आहे. कारण बहुधा कपडे, घाम किंवा जास्त उंच सीट.

जननेंद्रिय आणि गुदद्वार यांच्या मधल्या भागात मुंग्या येत असतील किंवा संवेदनाच जात असेल, तर तिथली नस आणि रक्तवाहिनी दाबली जात आहे. हे पुरुषांनाही होतं आणि स्त्रियांनाही, फक्त लाजेपायी फारसं बोललं जात नाही. असं जाणवलं की लगेच पॅडलवर उभे राहा, नाहीतर सायकलवरून उतरून थोडं चाला. संवेदना परत आली तरी तशाच सीटवर पुन्हा तासभर बसू नका. खाली दिलेले बदल करून मगच पुढे जा.

सीटची उंची

नवी सीट विकत घेण्याआधी पाना हातात घ्या. माझ्या मते निम्मा त्रास इथेच मिटतो. सीटपोस्टवर, म्हणजे सीटखालच्या दांड्यावर, सध्याच्या उंचीला चिकटपट्टीने खूण करा, म्हणजे बिघडलं तर मागे येता येईल.

भिंतीला टेकून सीटवर बसा, एक पॅडल अगदी खाली आणा आणि त्यावर टाच ठेवा. पाय गुडघ्यात जेमतेम सरळ झाला पाहिजे. मग चवडा पॅडलवर ठेवला की गुडघ्यात हलका बाक उरतो, आणि तोच हवा असतो. आकड्यात हवं असेल तर जांघेपासून जमिनीपर्यंतचं अंतर अनवाणी मोजा आणि त्याला 0.883 ने गुणा. येईल ते अंतर क्रँकच्या (पॅडल ज्या दांड्यांना जोडलेले असतात त्या फिरणाऱ्या भागाच्या) मध्यापासून सीटच्या वरच्या बाजूपर्यंत ठेवा. 80 सेंटिमीटरला ते 70.6 सेंटिमीटर येतं. हा फक्त आरंभबिंदू माना.

सीट जास्त उंच असेल तर पाय पुरवण्यासाठी कंबर पॅडलच्या दर फेरीला डावी-उजवीकडे झुकते आणि नाजूक भाग सीटवर घासला जातो. मागून कुणाला तरी पाहायला सांगा. कंबर डुलत असेल तर पाच-पाच मिलिमीटरने खाली घ्या. सीट वर घ्यायची असेल, तर सीटपोस्टवरची कमाल उंचीची खूण ओलांडू नका.

सीटचा कल

सीटवर एक पुठ्ठ्याचं पुस्तक ठेवून त्यावर फोनमधलं पातळी दाखवणारं अ‍ॅप लावा. आधी सीट सपाट करा. बधिरपणा असेल तर पुढचं टोक एक-दोन अंश खाली करा. उत्साहात याहून जास्त खाली केलं तर शरीर पुढे घसरतं, सगळा भार तळहातांवर येतो आणि करंगळीला मुंग्या येऊ लागतात. टोक वर उचललेलं असेल तर बधिरपणाचं कारण बहुधा सापडलंच.

एका वेळी एकच बदल करा आणि त्यावर दोन-तीन फेऱ्या मारून बघा. तीन गोष्टी एकदम फिरवल्या तर कशाने फरक पडला ते कळत नाही.

हँडल

सीट ठीक असूनही मुंग्या येत असतील तर हँडलकडे बघा. ते फार लांब किंवा फार खाली असेल तर आपण वाकतो, ओटीपोट पुढे कलतं आणि भार हाडांवरून सरकून मऊ भागावर येतो. स्टेमखालच्या (स्टेम म्हणजे हँडल सायकलला जोडणारा आखूड तुकडा) रिंगा वरखाली करून हँडल उंच घ्या. तेवढ्याने भागलं नाही तर आखूड स्टेम लावून घ्या. शर्यतीतल्या सायकलस्वारांसारखं वाकून बसण्याची नव्याला काही गरज नाही.

चालवण्याची पद्धत

नव्या माणसाला जास्त का दुखतं याचं एक कारण पायांत आहे. पॅडलवर जोर असतो तेव्हा पाय शरीराचा बराच भार उचलतात. सैल पाय फिरवत बसलं की सगळं वजन सीटवर. म्हणून दर दहा-पंधरा मिनिटांनी अर्धा मिनिट उभं राहून चालवा, आणि खड्डा दिसला की बूड उचला. घरात ट्रेनरवर (सायकल जागीच उभी ठेवणाऱ्या स्टँडवर) चालवणाऱ्यांनी तर हे घड्याळ लावून करावं, कारण तिथे शरीर मुळीच हलत नाही. टायर दगडासारखे कडक असतील तर थोडी हवा कमी करा, पण टायरवर छापलेल्या मर्यादेतच.

कपडे

पॅड असलेली सायकलिंग शॉर्ट्स घ्या आणि आत अंतर्वस्त्र घालू नका. अंतर्वस्त्राच्या शिवणीच काचतात. शॉर्ट्स अंगाला घट्ट बसली पाहिजे, पॅड जाड असलंच पाहिजे असं नाही. काचण्याच्या जागी खास क्रीम किंवा व्हॅसलीन लावा. घरी आल्यावर लगेच शॉर्ट्स बदला आणि दर वेळी धुवा. ओल्या पॅडमध्ये जंतू वाढतात आणि फोड येतात.

सीट बदलायची ती सगळ्यात शेवटी

मऊ गादीची सीट किंवा जेलचं कव्हर घ्यायचा मोह आवरा. हाडं गादीत रुततात आणि गादीचा मधला भाग वर येऊन नेमक्या नाजूक जागी दाबतो. मऊपणापेक्षा रुंदी महत्त्वाची. कडक स्टुलावर नालीदार पुठ्ठा ठेवून त्यावर बसा, थोडं पुढे झुका आणि पाय उचला. उमटलेल्या दोन खळग्यांच्या मध्यबिंदूंमधलं अंतर मोजा. सीट त्याहून साधारण दोन-तीन सेंटिमीटर रुंद हवी. ताठ बसणाऱ्याला आणखी रुंद चालते.

मध्ये खाच असलेल्या सीटने अनेकांना आराम पडतो, पण काहींना खाचेच्या कडाच बोचतात. त्यामुळे शक्य असेल तर चालवून बघूनच घ्या. पुढचं टोक नसलेल्या सीटही मिळतात. अमेरिकेतल्या व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संस्थेने सायकलवरून गस्त घालणाऱ्या 90 पोलिसांना अशा सीट 6 महिने वापरायला दिल्या होत्या. 2008 मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार नाजूक भागावरचा दाब 66 टक्क्यांनी घटला, आणि बधिरपणा न जाणवणाऱ्यांचं प्रमाण 27 वरून 82 टक्क्यांवर गेलं. सायकल वळवताना सुरुवातीला थोडं वेगळं वाटतं, पण हट्टी बधिरपणासाठी हा पर्याय नक्की विचारात घ्यावा.

डॉक्टरांकडे कधी जावं

उतरल्यावर काही तासांनीही संवेदना परत येत नसेल, लघवीला त्रास होत असेल किंवा रक्त दिसत असेल, लैंगिक ताठरतेत फरक पडला असेल, सूज उतरत नसेल किंवा फोडासोबत ताप असेल, तर सायकल बंद ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा. तिथे 'पाठ दुखते' असं काहीतरी मोघम सांगू नका. कुठे, किती वेळ आणि केव्हापासून बधिर होतं, आणि तुम्ही सायकल चालवता, हे स्पष्ट शब्दांत सांगा.