हॉल रोडखालची (खाणीतल्या डंपरच्या रस्त्याखालची) मोरी: पाइप केवढा घ्यायचा?

वणीकडच्या एका कोळसा खाणीत मी घातलेली पहिली मोरी पहिल्याच जुलैत वाहून गेली. 600 मिमीचा पाइप नजरेनेच ठरवला होता. तेव्हापासून आधी पाण्याचा हिशोब, मग पाइप.

रस्त्याच्या वरच्या अंगाला किती जमिनीचं पाणी येतं ते हेक्टरमध्ये काढा. ओबी डंपचा (कोळशावरून काढलेल्या माती-दगडाच्या ढिगाचा) उतार त्यात धराच, तोच बहुतेक वेळा राहून जातो. मग क्षेत्र गुणिले पावसाची तीव्रता (ताशी मिमी) गुणिले पावसातला वाहून जाणारा अंश, भागिले 360. उत्तर येतं सेकंदाला घनमीटरमध्ये. 12 हेक्टर, 90 मिमी, भिजलेल्या काळ्या मातीला 0.6, म्हणजे 1.8. वेग सेकंदाला 1.6 मीटर धरला तर 1200 मिमीचा एक पाइप जेमतेम पुरतो. मी दोन टाकतो, कारण डंपचा गाळ आत वीतभर साचतोच.

100 टनी डंपर भरला की 160 टनांच्या पुढे जातो. महामार्गावरचा एनपी-4 (जड वजनाच्या वर्गातला सळईचा काँक्रीट) पाइप त्या चाकासाठी बनलेला नाही. वरचा भराव आणि काँक्रीटचं वेष्टन डिझायनरकडून तपासून घ्या. खालच्या तोंडाशी दगडी पिचिंग (दगडांचं अस्तर) हवंच. माझी मोरी तिथूनच पोखरली गेली होती.