वाइड लेन्सने तारे टिपायचे आहेत? फोकसची तयारी दिवसाउजेडी करा

आकाशाच्या फोटोत एक्स्पोजर थोडं चुकलं तर नंतर सावरता येतं, फोकस चुकला तर हातात काही उरत नाही. म्हणून बॅग भरायच्या आधी, उजेड असतानाच लेन्स कॅमेऱ्याला लावा. एक-दोन किलोमीटरवरचा डोंगरकडा किंवा टॉवर धरून फोकस करा, मग मॅन्युअल फोकसवर (हाताने फोकस करायच्या सोयीवर) जा आणि लेन्सवरची फोकसची रिंग जिथे थांबली तिथे बारीक खूण करून ठेवा. अंधारात सुरुवात या खुणेपासून करायची.

लेन्सवर अनंताची (∞), म्हणजे खूप दूरच्या फोकसची, खूण छापलेली असते, पण तिच्यावर भिस्त ठेवू नका. तापमानाप्रमाणे फोकसची जागा सरकते, म्हणून बऱ्याच ऑटोफोकस लेन्सची रिंग अनंताच्याही थोडी पुढे फिरेल अशीच बनवलेली असते. मी एकदा रिंग शेवटपर्यंत फिरवून अख्खी रात्र फोटो काढले. कॅमेऱ्याच्या छोट्या स्क्रीनवर तारे ठीक वाटले, घरी मोठ्या पडद्यावर पाहिलं तर प्रत्येक तारा टिकलीएवढा पसरलेला. ती रात्र परत मिळाली नाही.

लेन्सची रिंग इलेक्ट्रॉनिक असेल तर घरीच एक चाचणी घ्या: फोकस करा, कॅमेरा बंद करून पुन्हा चालू करा आणि फोकस जागेवर राहतो का बघा. बऱ्याचदा राहत नाही. मग कॅमेरा आपोआप झोपी जाण्याची सोय बंद करा आणि जादा बॅटरी घ्या. लाल उजेडाचा हेडलॅम्प, मास्किंग टेप आणि दव साचू नये म्हणून लेन्सभोवती गुंडाळायचा हीटरचा पट्टा बॅगेत हवाच.

जागेवर अर्धा तास आधी पोहोचा, लेन्स बाहेरच्या हवेएवढी थंड होऊ द्या. झूम लेन्स असेल तर फोकल लेंग्थ, म्हणजे झूम किती ठेवायचा ते, आधी ठरवा, कारण झूम हलला की फोकसही हलू शकतो. ऑटोफोकस आणि स्टॅबिलायझेशन (हादरे सावरणारी सोय) बंद, अ‍ॅपर्चर (लेन्सचं उजेड आत घेणारं छिद्र) पूर्ण उघडं, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ६४०० च्या आसपास. लाइव्ह व्ह्यूमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या स्क्रीनवरच्या थेट चित्रात, व्याध, स्वाती, अभिजित, जो तेजस्वी तारा वर असेल तो पकडा आणि चित्र १० पट मोठं करा. तारा अगदी मधोमध न घेता मध्यापासून कडेकडे एक तृतीयांश अंतरावर घ्या. वाइड लेन्समध्ये मध्य आणि कड यांचा फोकस तंतोतंत जुळत नाही, ही जागा दोघांनाही सांभाळून घेते.

आता रिंग अगदी सावकाश फिरवा. ठिपका आक्रसत जातो, एका क्षणी सर्वांत लहान होतो आणि पुढे पुन्हा फुगतो. मागे या, पुन्हा पुढे जा, दोन-तीन वेळा. मोठ्या अ‍ॅपर्चरच्या लेन्समध्ये एका बाजूला ताऱ्याभोवती जांभळट कड दिसते, दुसऱ्या बाजूला हिरवट. त्यांच्या मधली जागा आपली. माझा सर्वांत जास्त विश्वास मात्र शेजारच्या मंद ताऱ्यांवर आहे. फोकस बरोबर बसला की आधी न दिसणारे बारीक तारे पडद्यावर उमटतात.

हायपरफोकल अंतराचं (जिथे फोकस केला की दूरचं सगळंच पुरेसं स्पष्ट येतं असं मानतात, ते अंतर) गणित इथे वापरू नका. २० मिमी, एफ १.८ ला ते सुमारे साडेसात मीटर येतं, पण त्यात ०.०३ मिमीचा धूसरपणा चालेल असं धरलेलं असतं. आजच्या सेन्सरवर तेवढ्यात तारा पाच-सात पिक्सेल पसरतो.

रिंगवर टेप लावा आणि लावल्यावर पुन्हा तपासा, कारण टेप दाबताना रिंग हमखास सरकते. मग एक चाचणी फोटो काढून तो पूर्ण मोठा करून बघा. मधले तारे टोकदार पण कोपऱ्यातल्यांना पंख फुटलेले असतील तर तो लेन्सचा दोष, अ‍ॅपर्चर एक स्टॉप बारीक करा, म्हणजे उजेड निम्मा होईल इतकं. सगळे तारे एकाच दिशेला लांबलेले असतील तर पृथ्वी फिरल्याचा परिणाम, शटरची वेळ कमी करा. सगळेच गोल पण जाड असतील तरच पुन्हा फोकसकडे वळा.

दर तासाला, आणि गारठा वाढला की लगेच, ही तपासणी परत करा. तारे अचानक मऊ दिसू लागले तर रिंगला हात लावण्याआधी समोरच्या काचेवर तिरपा उजेड टाका. बहुतेक वेळा दव साचलेलं असतं. जवळच्या झाडासाठी किंवा खडकासाठी वेगळा फोकस लागेल, पण तो फोटो आकाशाचे सगळे फोटो झाल्यावर, टेप काढून.