रोजच्या ख्रिस्ती जीवनात आत्मिक पारख कशी करावी

आपल्या किनारपट्टीवरच्या ख्रिस्ती घरांत ‘देवाची इच्छा काय असेल?’ हा प्रश्न बहुधा एखादा मोठा निर्णय दारात येऊन ठाकतो तेव्हाच विचारला जातो. मुलीला आखातातल्या इस्पितळातून नोकरीचे पत्र येते, वेंगुर्ल्याकडच्या कलमांच्या बागेला हॉटेलवाल्याकडून मागणी येते, किंवा धाकट्या मुलाला धर्मगुरू व्हावेसे वाटू लागते. मग घाईघाईने नोव्हेना, म्हणजे नऊ दिवसांची प्रार्थना, सुरू होते, फादरांकडे फेऱ्या होतात आणि एखादी खूण मिळावी म्हणून सगळे घर वाट पाहत बसते. प्रार्थना केव्हाही योग्यच आहे. परंतु ज्याने एरवी कधी आपल्या अंतःकरणाची चाहूल घेतली नाही, त्याला नेमक्या त्याच आठवड्यात देवाचा आवाज ओळखता यावा ही अपेक्षा मला अवाजवी वाटते. ‘सर्व गोष्टींची पारख करा, चांगले ते बळकट धरा,’ असे संत पौल थेस्सलनीकाकरांना लिहितात, ते काही वर्षाकाठी एखाद्या वेळी करायचे काम म्हणून नव्हे. ही सवय साध्या दिवसांत लावून घ्यावी लागते, आणि ती कशी लावावी हे येथे सांगण्याचा प्रयत्न आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट असावी. जे उघडपणे चुकीचे आहे, त्याची पारख करत बसायची नसते. येशूसंघाचे संस्थापक संत इग्नेशियस लोयोला यांनी निवडीसंबंधी घालून दिलेली पहिली अट हीच आहे, की ज्या पर्यायांत निवड करायची ते सगळे मुळात चांगले किंवा निदान निर्दोष असले पाहिजेत. एलईडी दिव्यांच्या प्रकाशात मासेमारी करण्यावर केंद्र सरकारने 2017 मध्ये बंदी घातली, आणि त्या मासेमारीचा फटका किनाऱ्यावरून जाळे ओढणाऱ्या आपल्याच रापणकरांना व छोट्या होडीवाल्यांना बसतो. अशा नौकेत भागीदारी घ्यावी का, याकरिता नऊ दिवस प्रार्थना करण्याची गरज नाही. उत्तर आधीच मिळालेले आहे. लग्नाच्या वचनाचेही तसेच आहे. ते पाळावे की नाही हा पारखीचा विषय होत नाही, ते आज कसे पाळावे हा होतो. खरी अडचण येते ती दोन चांगल्या गोष्टी समोर उभ्या राहतात तेव्हा, आणि कधी कधी वाईट गोष्ट चांगुलपणाचा वेष घेऊन येते तेव्हा. सैतानही तेजस्वी देवदूताचे रूप घेतो, हा पौलांचा इशारा अशाच प्रसंगांसाठी आहे.

इग्नेशियस हे सगळे कसे शिकले, ते थोडक्यात पाहणे उपयोगाचे आहे. 1521 च्या मे महिन्यात स्पेनमधील पांप्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने त्यांचा पाय मोडला आणि लोयोलाच्या घरी त्यांना कित्येक महिने अंथरुणावर काढावे लागले. मनोरंजनाला वीरकथा हव्या होत्या. मिळाले ते येशूचे आणि संतांचे चरित्र. पडल्या पडल्या ते कधी दरबारातल्या पराक्रमाची स्वप्ने रंगवत, तर कधी संत फ्रान्सिस आणि संत डॉमिनिक यांच्यासारखे जगण्याची. दोन्ही स्वप्ने रंगवताना सारखाच आनंद होई. फरक मागाहून पडे: पहिल्या स्वप्नानंतर मन कोरडे आणि असमाधानी होई, दुसऱ्यानंतरचा आनंद मात्र टिकून राही. हा फरक ध्यानात येणे हीच त्यांच्या पारखीची सुरुवात होती. पुढे मानरेसा येथील अनुभवांतून त्यांची ‘आध्यात्मिक साधना’ ही पुस्तिका आकाराला आली, आणि 1548 मध्ये पोप तिसरे पॉल यांनी तिला मान्यता दिली. एखादा विचार मनात येताना किती गोड वाटतो याला फारसे महत्त्व न देता, तो निघून गेल्यावर मागे काय ठेवून जातो ते पाहावे, एवढे जरी यातून आपण घेतले तरी पुष्कळ आहे.

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू. रात्रीची जपमाळ आणि जेवण आटोपल्यावर पडवीत किंवा वेदीपुढे पंधरा मिनिटे एकट्याने बसावे. मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवावा. हे सांगावे लागते, कारण तो उशाशी असला की ही पंधरा मिनिटे त्याचीच होतात. इग्नेशियस यांनी या आत्मपरीक्षणाच्या पाच पायऱ्या सांगितल्या आहेत: दिवसाबद्दल देवाचे आभार मानणे, स्वतःचे खरे रूप दिसावे म्हणून त्याच्याकडे प्रकाश मागणे, दिवस तासातासाने डोळ्यांपुढून नेणे, जिथे चुकले तिथे क्षमा मागणे, आणि उद्यासाठी एखादा निश्चय करणे. क्रम महत्त्वाचा आहे. आभार न मानता थेट चुका मोजायला बसणारा माणूस पंधरवड्यात कंटाळून ही सवय सोडून देतो.

खरे काम तिसऱ्या पायरीवर होते, म्हणून निम्म्याहून अधिक वेळ तिथे द्यावा. समजा, सकाळी बाजारात बांगड्याच्या वाट्यावरून मासळीवाल्या मावशींशी घासाघीस झाली आणि तुम्ही एक टोचून शब्द बोलून गेलात. ‘मी रागावलो, हे पाप झाले,’ एवढ्यावर पुढे जाऊ नये. राग कधी सुरू झाला ते मागे जाऊन पाहावे. कदाचित घरातून निघतानाच भावाचा फोन आला होता आणि जमिनीच्या वाटणीचा विषय निघाला होता. मनात भीती बसली होती, आणि ती मावशींवर निघाली. मग त्या भीतीने दिवसभरात आणखी काय काय केले, तिने तुम्हाला कोणापासून तोडले, आणि मध्येच एखादा क्षण असा आला का की जेव्हा ती विनाकारण विरली, हे शांतपणे पाहावे. शेजारच्या आजारी आजींना पेज नेऊन दिली तेव्हा मन हलके झाले असेल, तर तीही नोंद तितकीच मोलाची आहे. चांगले क्षण आपण फार सहज विसरतो.

एका साध्या वहीत तारीख घालून दोन ओळी लिहाव्यात: आज देवाजवळ कशाने नेले, आणि दूर कशाने. महिनाअखेरीस ती पाने सलग वाचावीत. एकेका दिवशी न दिसलेली पुनरावृत्ती तिथे दिसते: ठरावीक नातेवाइकांकडे जाऊन आल्यावर नेहमीच मत्सर जागतो, किंवा मुलांना धर्मशिक्षण देऊन आलेला रविवार नेहमीच उजळ जातो. पोप फ्रान्सिस यांनी 31 ऑगस्ट 2022 पासून बुधवारच्या भेटींत पारखीवर जी प्रवचनमाला दिली, तिच्यात प्रार्थना, आत्मज्ञान आणि अंतरीची इच्छा यांच्या जोडीला स्वतःच्या आयुष्याचे पुस्तक वाचायला शिकण्यावर एक पूर्ण प्रवचन होते.

वही वाचताना सांत्वन, म्हणजे मन देवाकडे ओढले जाणे, आणि शुष्कता, म्हणजे मन कोरडे पडून देव दूर गेल्यासारखे वाटणे, या दोन अवस्था ओळखाव्या लागतात, आणि बहुतेकांची गल्लत इथेच होते. बरे वाटणे म्हणजे सांत्वन नव्हे. शुभ शुक्रवारी क्रूसापुढे डोळे भरून येतात आणि तरीही विश्वास, आशा व प्रीती वाढते, ते सांत्वन आहे. उलट, दुसऱ्याची निंदा करून झाल्यावर वाटणारे समाधान गोड असले तरी आत्म्याला मागे ओढते. गलतीकरांना लिहिलेल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात आत्म्याचे फळ सांगितले आहे: प्रीती, आनंद, शांती, सहनशीलता, ममता, चांगुलपणा, विश्वासूपणा, सौम्यता आणि इंद्रियदमन. एखादी ओढ महिनाभरात यांपैकी काहीही वाढवत नसेल, तर ती कितीही धार्मिक भाषा बोलत असली तरी तिच्याविषयी सावध राहावे. देवाकडे वाटचाल करणाऱ्या माणसात चांगल्या आत्म्याचा स्पर्श स्पंजात थेंब मुरावा तसा हळुवार होतो आणि वाईटाचा दगडावर थेंब आपटावा तसा, असे इग्नेशियस सांगतात. त्यामुळे ‘आत्ताच, आजच, नाहीतर संधी गेली’ असा मनावर घाव घालणारा आग्रह उठला, की किमान एक रात्र जाऊ द्यावी.

शुष्कतेत काय करावे, याबद्दल त्यांचा नियम निःसंदिग्ध आहे: आधी शांत मनाने केलेला निश्चय अशा काळात बदलू नये, उलट प्रार्थनेत थोडी भर घालावी. जून-जुलैत होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात, मासेमारी बंदीमुळे मिळकत थांबलेली असते, आणि घरात जो तो चिडलेला असतो. त्या दिवसांत नौका विकण्याचा, लग्न मोडण्याचा किंवा धर्मग्रामाच्या (पॅरिशच्या) मंडळाचा राजीनामा देण्याचा विचार आला, तर तो सप्टेंबरपर्यंत बाजूला ठेवावा. मात्र प्रत्येक उदासी आत्मिक नसते. झोप उडाली आहे, भूक गेली आहे, कित्येक आठवडे कशातच रस वाटत नाही, अशी अवस्था असेल तर डॉक्टरांकडे जावे, आणि त्यात विश्वासाची कमतरता मानू नये.

आणखी एक नियम आमच्या छोट्या गावांत विशेष लागू पडतो. वाईट प्रेरणेला गुप्तता आवडते. ती उघड केली की तिचे बळ ओसरते. म्हणून मनातले सांगण्यासाठी एक माणूस ठरवलेला असावा. तो धर्मगुरूच असला पाहिजे असे नाही. एखाद्या अनुभवी सिस्टर किंवा प्रौढ, प्रार्थनाशील प्रापंचिकही चालतील. तुमच्या निर्णयात ज्याचा लाभ वा तोटा आहे अशा व्यक्तीला मात्र तेथे बसवू नये, आणि गावात बोलणे बाहेर फुटण्याची धास्ती असेल तर शेजारच्या धर्मग्रामातील कोणी निवडावे. ऐकणाऱ्यानेही जुन्या करारातील एली याजकाची मर्यादा पाळावी. बाळ शमुवेल तीनदा धावत आला, तेव्हा कुठे एलीच्या लक्षात आले की हाक परमेश्वराची आहे. आणि तेव्हाही देव काय बोलेल हे त्याने स्वतः सांगितले नाही, कसे ऐकावे एवढेच शिकवले.

खुणा मागण्याच्या सवयीविषयीही लिहिणे भाग आहे. देवळात कौल लावण्याची प्रथा आपल्या शेजाऱ्यांच्या श्रद्धेचा भाग आहे आणि तिचा मान आपण राखावा. परंतु आपल्यापैकी अनेक जण डोळे मिटून बायबल उघडतात, सापडेल त्या ओळीवर बोट ठेवतात आणि त्यावरून मुलीचे लग्न ठरवतात, हे शास्त्रवाचन नव्हे. यहूदाच्या जागी प्रेषित म्हणून मत्थियाची निवड चिठ्ठ्या टाकून झाली हे खरे. पण ती पेन्टेकॉस्टपूर्वीची, म्हणजे प्रेषितांवर पवित्र आत्मा उतरण्यापूर्वीची गोष्ट आहे, आणि त्यानंतर नव्या करारात अशा निवडीचा उल्लेख पुन्हा येत नाही. यरुशलेमच्या सभेत प्रेषितांनी भरपूर वादविवाद केला, एकमेकांचे ऐकले, आणि मगच ‘पवित्र आत्म्याला व आम्हांला योग्य वाटले’ असे लिहिले. प्रार्थनासभेत कोणी तुमच्याविषयी भविष्यवाणी केली, तर तीही याच कसोटीवर घासून घ्यावी.

देवाची वाट एकाच फटक्यात उलगडावी अशी घाईही नसावी. वसईचे संत गोन्सालो गार्सिया आधी येशूसंघीयांबरोबर जपानमध्ये धर्मशिक्षकाचे काम करत होते, मग व्यापारात पडले, आणि शेवटी मनिला येथे फ्रान्सिस्कन बंधू झाले. 5 फेब्रुवारी 1597 रोजी नागासाकीत त्यांनी रक्तसाक्ष दिली.

आता आखातातून आलेल्या त्या पत्राकडे येऊ. घरी वृद्ध सासूबाई, दोन शाळकरी मुले आणि कर्ज आहे असे समजू. पहिले काम मोकळे होण्याचे: ‘प्रभो, जाणे असो वा राहणे, दोन्हींना मी तयार आहे,’ असे खरेपणाने म्हणता येईपर्यंत प्रार्थना करावी, आणि म्हणता येत नसेल तर तेच देवाला सांगावे. मग माहिती काढावी, कारण प्रार्थना माहितीची जागा घेत नाही. करार किती वर्षांचा, रजा किती, एजंट नोंदणीकृत आहे का, मिस्सेला (चर्चमधील उपासनेला) जाता येईल का: दुबई, दोहा, कुवेत येथे चर्च आहेत, सौदी अरेबियात नाही. त्यानंतर कागदावर चार रकाने करावेत: जाण्याचे लाभ, जाण्याचे तोटे, राहण्याचे लाभ, राहण्याचे तोटे. मोजणी संख्येने करू नये. कोणते कारण देवाच्या व माणसांच्या प्रेमातून आले आणि कोणते शेजारणीच्या नव्या घराकडे पाहून, याचे वजन करावे. आपल्यासारख्याच स्थितीतील अनोळखी बाईला आपण काय सल्ला दिला असता, आणि मरणघडीला कोणता निर्णय घेतलेला असावा असे वाटेल, हे दोन प्रश्न इग्नेशियस यांचेच आहेत. नवरा आणि सासूबाई यांच्याशी बोलणे यातच आले.

निर्णय झाला की तो मिस्सेत देवाला अर्पण करावा, आणि उत्तर पाठवण्यापूर्वी मुदत असेल तितके दिवस थांबून शांती टिकते का पाहावे. टिकली तर पत्र पाठवावे. तिथे पोहोचल्यावर पहिल्या महिन्यांत घर आठवून रडू येईल. त्या भरात परतीचे तिकीट काढू नये, ठरलेल्या मुदतीनंतर घरच्यांसह पुन्हा विचार करावा. मात्र करारात नसलेले काम लादले जात असेल, पासपोर्ट काढून घेतला असेल किंवा पगार अडवला जात असेल, तर ती शुष्कता नव्हे, तो अन्याय आहे. तिथे वाट न पाहता भारतीय दूतावासाकडे तक्रार करावी.