आधाराची काठी: उंची, हात आणि टोकाचं रबर

नवी काठी बहुतेक घरांत आहे त्याच उंचीवर वापरायला घेतात आणि मग खांदा नाहीतर मनगट दुखायला लागतं. रोजच्या चपला किंवा बूट घालून सरळ उभं राहा, हात मोकळे सोडा. मनगटाच्या घडीपासून जमिनीपर्यंतचं अंतर दुसऱ्या कुणाला तरी टेपने मोजायला सांगा. मूठ तेवढ्याच उंचीवर हवी. ती धरल्यावर कोपर किंचित, १५ ते २० अंश वाकलेलं दिसतं. काठी उंच असली की खांदा वर चढतो, बुटकी असली की माणूस त्या बाजूला झुकतो. कमीजास्त होणारी काठी असेल, तर बटण छिद्रातून पूर्ण बाहेर आल्याशिवाय तिच्यावर भार टाकू नका.

सगळ्यात जास्त चुकतो तो हात. काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरायची. काठी आणि दुखरा पाय एकदमच पुढे टाकायचे. जिना चढताना चांगला पाय आधी. उतरताना मात्र काठी आणि दुखरा पाय आधी. शक्य तिथे दुसरा हात कठड्यावर असू द्या.

टोकाचं रबर आठवड्यातून एकदा उलटं करून बघा. खाचा गुळगुळीत झाल्या, चीर पडली की लगेच बदला. ओल्या फरशीवर असं रबर सटकतंच. नवं आणताना काठीच्या टोकाचा व्यास मिलिमीटरमध्ये मोजून न्या, कारण सैल रबर चालताना निघून येतं. एकाच कडेने झिजत असेल, तर काठी तिरकी टेकली जातेय.